जिताडा कसा हाय?

आमच्या गावात तळ्यातला जिताडा दोनच कारणांसाठी बाहेर निघतो. घरात जावई यायचा असला तर, नाहीतर कचेरीत फाईल अडली असली तर. पनवेल-उरणच्या खाडीकाठच्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. जिताडा हा खाडीतला मोठा मासा, आणि चव अशी की बाकीचे मासे त्याच्यापुढे भाजीपाला. त्याचं बोटभर पिल्लू आणून घराशेजारच्या तळ्यात सोडलं तर ते तिथेही वाढतं आणि वर्षानुवर्षं वाढतच राहतं. रोजच्या जेवणासाठी त्याला कोणी हात लावत नाही. बाजारातून बांगडे येतात, बोंबील येतात, आणि जिताडा आपला तळ्यात, कपाटातल्या पैठणीसारखा, वेळ येईल म्हणून ठेवलेला.

मी बारावी झाले त्या पावसाळ्यात बाबांनी आमच्या तळ्यात असं एक पिल्लू सोडलं आणि काठावर उभं राहून जाहीर केलं, "हा हिचे हलदीला काढायचा." लग्नाचं मला तेव्हा काही पडलं नव्हतं, पण आपल्या नावाचा एक मासा आहे हे ऐकून बरं वाटलं. आम्हा आगरी लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला माणसं अक्षता टाकून घड्याळाकडे बघतात. हळदीला अख्खा गाव जेवतो, नाचतो आणि पुढे वर्षभर रश्श्याबद्दल बोलतो. बाबा आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या हळदीत जेवलेले. त्या सगळ्यांना एकदा आपल्या मांडवात बसवायचं आणि मधोमध तो जिताडा ठेवायचा, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. शेत आणि मिठागर पुढे विमानतळाखाली गेलं. तळं तेवढं राहिलं, आणि तळ्यात तो.

आणि मी काय केलं, तर रजिस्टर लग्न केलं. हळद नाही, मांडव नाही, सही केली आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायले.

मुलगा पनवेलचाच. कॉम्प्युटर क्लासात एका मशीनवर दोघांना बसवायचे, त्यात आम्ही दोघं आलो. तो की-बोर्ड माझ्याकडे सरकवायचा आणि स्वतः नुसता बघत बसायचा, एवढ्यावरून मी ओळखलं की हा माणूस संसाराला बरा. त्याचं आडनाव आमच्या बाजूच्याच एका गावाचं, मागे 'कर' लावलेलं. मी घरी आधी नुसतं आडनाव सांगितलं तेव्हा बाबांची कळी खुलली. "आपले बाजूचाच हाय," ते आईला म्हणाले, आणि त्या गावातल्या त्यांच्या मावसभावाला लगोलग फोन लावला. मावसभाऊ म्हणाला, या नावाचं एकच घर गावात होतं, त्यांचा तेलाचा घाणा होता, आणि तो शनिवारी बंद असायचा.

म्हणजे बेने इस्रायल. आपले कोकणातले यहुदी. गावोगाव घाणे चालवायचे आणि शनिवार पाळायचे, म्हणून जुनी माणसं त्यांना शनिवार तेली म्हणत. आता पनवेलमध्ये त्यांची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं उरली आहेत.

"शनवार तेली?" बाबा म्हणाले. "ते तं सगले इस्रायलला गेले ना?"

"हा राहिला," मी म्हणाले.

बाबा उठून तळ्यावर गेले. चिडले की ते तळ्यावर जायचे. मी चिडले की भांडी घासते. आमच्या घरात कोणी चिडलं आणि काम झालं नाही असं होत नाही. आठवडाभर त्यांचं तळं आणि माझी भांडी लखलखीत होती. मग मी ठरवलं की यांच्या होकाराची वाट बघत बसले तर माझी हळद आणि तेरावं एकाच मांडवात होईल. आम्ही दोघांनी विवाह कचेरीत जाऊन नोटीस दिली. ती नोटीस तिथल्या फळ्यावर महिनाभर लावतात, कोणाची हरकत असली तर कळावं म्हणून. मला वाटलं, कोण वाचतंय. पण जमिनीच्या कामासाठी आमच्या गावातला एक तरी माणूस कायम कुठल्यातरी सरकारी कचेरीत बसलेला असतो, आणि बसून बसून कंटाळला की तो फळे वाचतो. संध्याकाळपर्यंत माझी नोटीस गावात तोंडपाठ झाली.

बाबांनी हरकत घेतली नाही. लग्नालाही आले नाहीत. आई आली, माझ्या ओटीत नारळ घातला, आणि निघताना म्हणाली, "त्यांना राग तुझे नवऱ्याचा नाय. हलद नाय झाली त्याचा हाय." मी म्हटलं, मग हळदीशीच माझं लग्न लावून द्यायचं होतं. तेव्हा मला असं बोलता यायचं. रिक्षात बसल्यावर मात्र मी नवऱ्याच्या रुमालात पनवेल येईपर्यंत रडले.

सासरी वेगळीच तऱ्हा. माझ्या सासूबाई बारीक चणीच्या, करारी, आणि हयातभर पनवेलमध्ये राहून शनिवार पाळण्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी लावायचा दिवा एकदाही न चुकवलेल्या. त्यांच्या दोन्ही बहिणी, सगळे भाचे इस्रायलला. त्यांनी मात्र इथल्या घराला कुलूप लावायचं नाकारलं होतं, आणि मुलानं आपल्यातली मुलगी करावी एवढीच इच्छा धरली होती; फक्त तशी मुलगी पनवेलमध्ये उरली नव्हती. त्यांच्यात आई यहुदी असेल तर मूल यहुदी. म्हणजे मी घरात आले आणि शेकडो वर्षांची दोरी माझ्यापाशी तुटली. हे त्यांनी मला कधी ऐकवलं नाही, पण पहिले काही महिने त्या माझ्याकडे बघायच्या तेव्हा मला ते ऐकू यायचं. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "तांदळाची भाकरी थापता येते का?" मी थापून दाखवली. त्यांनी ती उलटून पालटून पाहिली, कडा तपासल्या, आणि म्हणाल्या, "बरं झालं. हे तरी शिकवायला नको."

माहेरी फोन करायचा धीर मला पावसाळा संपल्यावर झाला. रविवारी सकाळी केला. नेमका बाबांनी उचलला. मी "बाबा" म्हणाले आणि पुढे काही सुचेना. तेही गप्प. फोनमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि मागे कोंबडा ओरडत होता. फोन ठेवतील या भीतीनं मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "जिताडा कसा हाय?"

कोंबडा आणखी दोनदा ओरडला. मग बाबा म्हणाले, "हाय. वाढतंय." आणि फोन आईकडे दिला.

ते आमचं लग्नानंतरचं पहिलं बोलणं. पुढच्या रविवारी मी पुन्हा तेच विचारलं, कारण चाललेल्या गाडीचं इंजिन कोण बदलतो. हळूहळू बाबा जिताड्याबद्दल एकेक वाक्य जास्त बोलायला लागले. काल उडी मारली. शेजाऱ्याचं बदकाचं पिल्लू गेलंय, हाच असणार. आता हातभर झाला. आता दोन हात. वर्षं जात होती आणि मासा फोनवर वाढत होता. माझा नवरा हिशेबी माणूस, तो एकदा म्हणाला, "या वेगानं पुढच्या निवडणुकीपर्यंत तो तळ्यात मावणार नाही." मी त्याला गप्प बसवलं. पण मला एक पक्कं माहीत होतं, आणि गावालाही माहीत होतं, आणि आता माझ्या सासूबाईंनाही माहीत झालं होतं: जोवर जिताडा तळ्यात, तोवर माझं लग्न बाबांच्या लेखी लागलेलं नाही. मी दिवाळीला जायचे, नवराही यायचा, बाबा त्याला चहा विचारायचे, "रस्त्याला ट्रॅफिक व्हतं का?" विचारायचे. पण जाळं खुंटीवरून खाली यायचं नाही. "अजून लहान हाय," ते म्हणायचे. दोन हातांचा मासा आणि लहान.

मधे चिंबोऱ्यांचं प्रकरण झालं.

झालं असं, की बाबांना एकदा पाझर फुटला. जिताडा नाही तर नाही, पण लेकीच्या सासरी काहीतरी जायला हवं, म्हणून त्यांनी अमावास्येच्या भरतीत स्वतः खाडीत उतरून चिंबोऱ्या पकडल्या. म्हणजे खेकडे. अमावास्येच्या चिंबोऱ्या मांसानं भरलेल्या असतात, आणि आमच्याकडे यापेक्षा मोठा मान माणसाला करता येत नाही. नांग्या बांधल्या, गोणपाटाच्या पिशवीत घातल्या, आणि आईला सहा आसनी विक्रम रिक्षात बसवून पनवेलला पाठवलं. मी कामावर होते. सासूबाईंनी आईला आत घेतलं, पाणी दिलं, दोघी पलंगावर बसल्या, आणि खाली ठेवलेली पिशवी आपणहून स्वयंपाकघराकडे चालायला लागली.

सासूबाईंच्या धर्मात मासा चालतो तो पंख आणि खवले असलेला. कोळंबी नाही, कालवं नाही, चिंबोरी तर नाहीच नाही. पण पाहुणीसमोर नाही कसं म्हणायचं? त्या पलंगावर चढून उभ्या राहिल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "वा, ताज्या आहेत." आई कौतुकानं, वाटेत बाजार करत घरी निघाली. सासूबाईंनी ती पिशवी काठीनं ढकलत जिन्यापर्यंत नेली आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकली. ती बाई निघाली आमच्या शेजारच्या गावची माहेरवाशीण. तिनं चिंबोऱ्यांचा रस्सा केला आणि चवीवरून कुठल्या खाडीच्या, कोणाच्या घरच्या हे ओळखून माहेरी फोन लावला. आई घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

त्या रविवारी मी विचारलं, "जिताडा कसा हाय?"

"तुझे सासूला इचार," बाबा म्हणाले. "आमचे घरचा तिला चालंल का."

मी त्यांना समजावून सांगितलं. चिंबोऱ्या परक्या घरच्या म्हणून देऊन टाकल्या नाहीत, त्यांच्यात खवले नसलेलं खातच नाहीत, हजारो वर्षांपासून. माझा आवाज चढला होता, कारण दोन्हीकडून मलाच बोलणी बसत होती आणि त्या खालच्या बाईनं वाटीभर रस्साही वर पाठवला नव्हता. बाबा ऐकत राहिले. मग एकदम म्हणाले, "जिताड्याला खवली हायेत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पंख पन हायेत," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

तिथून पुढे बाबांना त्या नियमाचं वेडच लागलं. कोणताही मासा हाती आला की आधी उलटा करून बघायचे. बाजारात कोळणीच्या पाटीसमोर उभं राहून "हा त्यांचा, हा आपला, हा त्यांचा" असं करायचे, आणि कोळणी विचारायच्या, दादा, वाटणी कोणाची चाललीय. शिंगाळ्याला खवले नाहीत, तो आपला. मोरी आपली. बांगडा दोघांचा. बोंबलावर ते अडले. फोन करून त्यांनी मला विचारलं, मी सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या यावर आमच्यातच एकमत नाही. हे ऐकून बाबांना फार समाधान वाटलं. "म्हंजे तुमच्यात पन भांडनं हायेत," ते म्हणाले, आणि माझ्या सासरबद्दल पहिल्यांदा त्यांच्या बोलण्यात आपुलकी आली.

सासूबाईंनीही मागे राहायचं नाही असं ठरवलं असावं. त्यांच्या नव्या वर्षाला त्या गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, नारळाचं दूध घालून, तासन् तास ढवळून. ढवळून त्यांचा खांदा दुखतो आणि दर वर्षी त्या म्हणतात की हे शेवटचं. त्या वर्षी त्यांनी एक मोठी थाळी जास्त केली आणि माझ्याबरोबर गावी पाठवली. बाबांनी एक वडी तोंडात टाकली, दुसरी टाकली, आणि विचारलं की गाईचं दूध का नाही. मी सांगितलं, मटणाबरोबर दूध चालत नाही त्यांना, आणि सणाला मटण असतंच, म्हणून गोडाला नारळ. बाबांनी तिसरी वडी उचलली. "मटनासाठी गाय सोडली," ते आईला म्हणाले. "ही लोका शानी हायेत."

तरी जाळं खुंटीवरच. मी पुन्हा पुन्हा त्या खुंटीकडे बघायचे. आई बडबडायची, "तल्यान चिलापी लय झालीय, मेली कुठून येते ती." चिलापी म्हणजे तळ्यात आपोआप माजणारा, काट्यांनी भरलेला, आमच्याकडे कोणी पाहुण्याला वाढणार नाही असा मासा. मी ऐकून सोडून दिलं. तळ्याकाठी जन्मलेल्या माणसानं खरं तर तिथेच कान टवकारायला हवे होते. जिताडा असलेल्या तळ्यात चिलापी माजत नाही. जिताडा तिला जगूच देत नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात तळंच जायची वेळ आली. तिथून रस्ता जायचा होता, भरावाचे डंपर गावात येऊन उभे होते. आईनं फोनवर सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे आता तरी काढावाच लागेल. रविवारी बाबांना विचारलं, "कवा काढताय जिताडा?"

"नाय काढायचा," बाबा म्हणाले.

"म्हंजे?"

"रव दे त्याला तिथंच."

मला काय वाटलं ते स्पष्ट सांगते. मला वाटलं, हा माणूस तो मासा मातीखाली गाडेल पण माझ्या सासरच्या ताटात वाढणार नाही. इतकी वर्षं मी दर रविवारी ज्याची खुशाली विचारली, तो जिवंत पुरला तरी चालेल, पण माझं लग्न नको. मी फोन आपटला आणि घरातली सगळी भांडी घासायला काढली, घासलेलीसुद्धा. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"येत्या रविवारी आपण जायचं," त्या म्हणाल्या. "मी येते. बघू कसे नाही काढत."

मी आईला तसं कळवून टाकलं. रविवारी सासूबाई निघाल्या त्या लढाईला निघाल्यासारख्या. स्वतःचा टोप, स्वतःची कढई, स्वतःची सुरी, सगळं एका पिशवीत, कारण ज्या भांड्यात चिंबोरी शिजली त्यात त्यांचं अन्न शिजत नाही. आमच्या अंगणात उतरल्या तर बाबा समोर. बाबांनी पिशवीतून डोकावणारा टोप बघितला आणि काही न बोलता घरातून एक कोरा करकरीत टोप आणून समोर ठेवला. त्यावरचा दुकानाचा स्टिकर मुद्दाम काढलेला नव्हता, नवेपणाची खात्री पटावी म्हणून.

"तुमच्यासाठी घेतलेला," ते म्हणाले. "वापरलेला नाय."

"मग मासा कुठंय, व्याहीबुवा?" सासूबाईंनी विचारलं.

बाबांनी तळ्याकडे पाहिलं. भराववाल्यांनी पाणी उपसायला पंप लावला होता आणि तो सकाळपासून चालू होता. अर्धा गाव काठावर उभा. सगळ्यांना तो दोन हातांचा जिताडा बघायचा होता, ज्याच्या गोष्टी ऐकत गावातली पोरं मोठी झाली होती. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, घोट्यापर्यंत आलं, मग नुसता चिखल राहिला आणि त्या चिखलात शेकडो चिलाप्या फडफडायला लागल्या. चार शिंगाळे. एका कोपऱ्यात दोन-तीन चिंबोऱ्या, त्यांना बघून सासूबाई पाऊलभर मागे सरल्या. जिताडा नाही.

पोरं चिखलात उतरून हातानं चाचपडून आली. नाही.

माझा नवरा बाबांच्या बाजूला उभा होता. त्यानं हळूच विचारलं, "बाबा, कधी गेला?"

"पयलेच पावसान," बाबा म्हणाले. "तुमचं लगीन झाला, त्याच पावसान बांद फुटला, न गेला खाडीन."

म्हणजे मी पहिला फोन केला त्याच्या आधी. म्हणजे ती उडी, ते बदकाचं पिल्लू, हातभर, दोन हात, सगळं या माणसानं रिकाम्या तळ्याच्या काठावर बसून रचलं होतं. आई पदर तोंडावर धरून उभी होती. तिला सगळं माहीत होतं. "काल दिवसभर फिरले," ती मला म्हणाली. "उरनपासून आपट्यापर्यंत. जिवंत जिताडा मिलतो का बघाया, तल्यान सोडाया. कुठं नाय मिलला."

मला राग यायला हवा होता. मी तयारीतच होते. "बाबा," मी म्हणाले, "इतकी वर्षं मी इचारते. एकदा तरी सांगायचं, गेला म्हणून."

बाबा चिखलाकडे बघत राहिले. "गेला बोललो असतो," ते म्हणाले, "तं मंग तू काय इचारलं असतंस?"

मला खरंच दुसरं काही विचारता आलं नसतं, आणि त्यांना दुसऱ्या कशाचं उत्तर देता आलं नसतं, हे त्या माणसाला पहिल्या रविवारीच कळलं होतं. मी तिथेच तळ्याच्या बांधावर बसले आणि सगळ्या गावासमोर रडले. बाबा शेजारी उभे राहून माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा की नाही याचा विचार करत होते.

तेवढ्यात सासूबाई चिखलाच्या कडेला वाकल्या. एका पोराच्या हातातली चिलापी त्यांनी घेतली, चष्मा वर सरकवला, आणि माशाच्या अंगावरून नखानं उलटं खरवडून पाहिलं.

"खवले आहेत," त्या म्हणाल्या. "पंखही आहेत. चालेल."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "इनबाय, चिलापी नको," ते विहिणीपुढे गयावया करत म्हणाले. "चिलापी आमी मांजराला पन इचारून घालतो."

"मी जेवायला आले आहे," सासूबाई म्हणाल्या. "उपाशी जाणार नाही. टोप नवा आहे ना?"

असं माझ्या लग्नाचं जेवण झालं. अंगणात ताडपत्री अंथरून, स्टिकरवाल्या टोपात चिलापीचं कालवण, सासूबाईंनी त्यांच्या पद्धतीनं नारळ आणि हिरवं वाटण घालून केलेलं, आणि आईच्या भाकऱ्या. बाबांच्या हातून वाढताना ताटाबाहेर सांडत होतं. ज्यांच्या हळदीत ते जेवले होते त्यातले बरेचजण काठावर होतेच, तेही बसले. काट्यांमुळे कोणाला जेवताना बोलता येत नव्हतं. जेवण झाल्यावर सासूबाईंनी त्यांच्या पूर्वजांची गोष्ट सांगितली. कोकणच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, त्यातून सात बायका आणि सात पुरुष वाचले, आणि त्यांच्यापासून आम्ही सगळे झालो. बाबांनी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं, मग स्वतःच्या हाताच्या रंगाकडे.

"सात जोडप्यांची इतकी लोका?" ते म्हणाले. "मदी आमची कोनतरी असनारच, इनबाय."

मला वाटलं, आता पुन्हा पलंगावर चढतील. सासूबाईंनी दातातला काटा काढला, बाजूला ठेवला, आणि म्हणाल्या, "कालवण तर तुमच्यासारखंच करतो."

तिसऱ्या दिवशी तळ्यावर माती पडली. आता तिथे रस्त्याची खडी आहे आणि जाळं खुंटीवर आहे ते आहेच.

पुढच्या रविवारी सकाळी सवयीनं मी फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि थांबले. विचारणार काय? मी फोन ठेवून दिला आणि सिंककडे वळले. सासूबाई म्हणाल्या, भांडी सगळी घासलेली आहेत. तेवढ्यात फोन वाजला. बाबांचा. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःहून केलेला पहिला, बोंबलाचा सोडला तर.

"बाबा?"

पलीकडे श्वास. मागे कोंबडा.

"हा," ते म्हणाले. मला वाटलं, फोन आईकडे देतील. त्यांनी दिला नाही. घसा खाकरला.

"तू कशी हायस?" बाबांनी विचारलं.

समोर सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मग मला जे एकच उत्तर येत होतं, त्यांनीच शिकवलेलं, ते मी दिलं.

"हाय," मी म्हणाले. "वाढतंय."